अळणी पाण्याची खानावळ

पुण्या-मुंबईच्या हॉटेलांत 'व्हेज कोल्हापुरी' नावाचा लालभडक पदार्थ समोर आला की माझं डोकं फिरतं. कोल्हापूर म्हणजे नुसता जाळ, असं कुणीतरी ठरवून टाकलं आणि पुढं आमचेच लोक तो जाळ विकायला लागले. मी मंगळवार पेठेतल्या खानावळीत वाढले. ती माझ्या आईची होती. तिथं जेवायला बसलेल्या माणसापुढं सगळ्यात आधी अळणी पाण्याची वाटी यायची, आणि तिच्यात मिरचीचा कणही नसायचा.

अळणी म्हणजे हळद, आलं-लसूण लावून शिजवलेल्या मटणाचं पाणी. नावालाच अळणी, मीठ असतं, चटणी नसते. त्याच पाण्यात नारळाचं दूध पडलं की पांढरा रस्सा आणि कांदा-लसणाची चटणी पडली की तांबडा. म्हणजे अळणी बिघडलं की दोन्ही रस्से गेले. आई म्हणायची, "चटणी काय, कुनीबी ओततंय. अळणी पाण्यात हात कळतोय." नव्या माणसानं पहिल्या घोटाला मान डोलावली की ती खूश. मग "पावणं, घ्या की अजून" असं म्हणेपर्यंत वाटी भरलेली असायची.

खानावळ म्हणजे आमच्या घराची बाहेरची खोली आणि चार बाकं. नव्वदच्या दशकात बुधवार, शुक्रवार, रविवार तिथं जागा मिळायची नाही. गडहिंग्लजच्या गाडीवरचे एक एसटी ड्रायव्हर तर स्टँडवरून एवढं अंतर चालत यायचे. त्यांना आम्ही काका म्हणायचो. बोलणं कमी, भाकरी तीन.

पुढं हवा बदलली. जोतिबा करून, देवीचं दर्शन घेऊन गाड्या भरभरून माणसं यायची आणि त्यांना जेवणापेक्षा घाम हवा असायचा. "कोल्हापुरी म्हणता आणि डोळ्यांत पाणी कसं नाही?" एकानं हसत विचारलं. आई म्हणाली, "रडायचं आसंल तर घरी रडा. हितं जेवा." तो पुन्हा फिरकला नाही. हायवेला झगमगीत हॉटेलं झाली, तिथल्या रश्श्यावर बोटभर लाल तवंग असायचा. आमची गल्लीतली माणसंही पाहुणे आले की तिकडंच न्यायला लागली. याचा मला फार राग यायचा, अजून येतो.

बाकं रिकामी दिसायला लागली तशी माझी झोप उडाली. वडील गेल्यावर आई याच चुलीपुढं ताठ उभी राहिली होती. खानावळ गेली तर ती कशाच्या जोरावर उभी राहणार, हे मला कळत नव्हतं. म्हणून एका रविवारी, ती भाकऱ्या थापत असताना, मी तांबड्याच्या पातेल्यात खायचा लाल रंग कालवला आणि वरून चटणीची मूठ टाकली. खानावळ वाचवतेय, अशीच माझी समजूत होती.

काकांनी तांबड्याचा एक घास घेतला. वाटी बाजूला सरकवली आणि पांढऱ्यात भाकरी चुरायला लागले. आईनं ते पाहिलं. आत येऊन पळी चाटली, माझ्या लाल झालेल्या बोटांकडं बघितलं आणि अख्खं पातेलं मोरीत ओतलं. मग बाहेर जाऊन मोठ्यानं सांगितलं, "आज तांबडा न्हाय. पांढरा हाय, अळणी हाय. जेवून जावा." निम्मी माणसं उठून गेली.

महिन्याभरात हायवेवरचा एक हॉटेलवाला घरी आला. त्याला आमच्या खानावळीचं नाव हवं होतं. पाटी त्याच्या हॉटेलावर लागणार, आई तिथं मुख्य आचारी होणार, पगार चांगला. "फक्त रंगाचं तेवढं आमच्या पद्धतीनं," तो म्हणाला. नाही म्हटलं तर आम्ही फार दिवस तगणार नव्हतो, हे त्यालाही दिसत होतं. चहा पिताना रिकाम्या बाकांकडं बघतच तो बोलत होता.

आई माझ्याकडं वळून म्हणाली, "तू सांग. तुला चालू ठिवायची हुती न्हवं?"

मला चालू ठेवायची होती. होय म्हटलं असतं तर आईला रोज उठून जायला एक चूल मिळाली असती आणि आमचं नाव रस्त्यावरून दिसलं असतं. त्या नावाखाली रंग ओतताना ती कशी दिसेल, हेही मला दिसत होतं. मी म्हटलं, "नाव द्यायचं नाही."

"ऐकलासा न्हवं पावणं?" आई म्हणाली आणि उठून चुलीकडं गेली. जाताना माझ्या पाठीवर थाप मारली, चांगली जोरात.

पुढच्याच पावसाळ्यात खानावळ बंद झाली. जुनी माणसं भेटली की हळहळतात, "चालली नाही का हो?" विचारतात. मी तिथल्या तिथं त्यांचं बोलणं दुरुस्त करते. ती बंद पडली नाही, मी बंद केली. आणि आज पुन्हा कुणी ते नाव मागायला आलं तरी नाहीच म्हणेन.