सहा सैल फरश्या

लोक जुन्या पेठेतल्या भांडी बाजारातून उठून इंदिरानगरच्या नव्या वस्तीत राहायला जात होते, तेव्हा आम्ही इंदिरानगरहून भांडी बाजारात आलो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "गंगा उलटी वाहायला लागली." त्यांचं चुकत नव्हतं. चांगला गॅलरीवाला फ्लॅट सोडून मी नवऱ्याला एका भांड्यांच्या दुकानावरच्या माळ्यावर राहायला घेऊन चालले होते.

पण तो माळा पाहिला आणि मी हट्टालाच पेटले. सागवानी तुळया, उंच छप्पर, गल्लीकडे उघडणाऱ्या पाच खिडक्या. आत सगळी जुनी पातेली आणि कबुतरं. मी म्हटलं, कबुतरं घालवू, पातेली खाली देऊ, बाकी काही हलवायचं नाही. नवरा म्हणाला, "आणि संडास?" तो बांधला.

खालच्या दुकानाचे काका माळा विकायला तयार होते. अट एकच, तीही तोंडी. आमच्या होणाऱ्या हॉलच्या मधोमध जमिनीत एक लाकडी झडप होती, लोखंडी कडीची. गंगेला, म्हणजे आमच्या गावच्या नदीला, पूर आला की गल्लीत पाणी शिरायचं, आणि दुकानातला सगळा माल त्या झडपेतून दोरीने वर यायचा. काकांच्या आजोबांपासून ही रीत. "झडप तेवढी बुजवू नका, ताई. बाकी घर तुमचं, काय हवं ते करा," काका म्हणाले. मी लगेच हो म्हटलं. हो म्हणायला माझं काय जात होतं?

तुळया घासून झाल्या, भिंतींना चुना लागला, लाल फरशी आली. सगळं मनासारखं, आणि मधोमध ती काळीकुट्ट झडप! खालून पितळ घासायच्या पावडरीचा वास वर यायचा. त्याच सुमाराला काका आठवडाभर मुलीकडे गेले. मी मिस्त्रीला म्हटलं, यावरही फरशी टाक. मिस्त्री मान खाजवत राहिला. मी आवाज चढवल्यावर कामाला लागला, पण ते सहा तुकडे बसवायला त्याने आठवड्याच्या वर दिवस लावले. वर मोठी सतरंजी पसरली आणि मी मोकळी झाले. काका तोवर परत आले होते, पण त्यांनी काही विचारलं नाही. मीही काही बोलले नाही.

त्या सहा फरश्या पहिल्या दिवसापासून वाजायच्या. त्यांवर पाय पडला की खडखड. मिस्त्रीला मी तीनदा बोलावलं, तिन्हीदा तो "उद्या येतो" म्हणाला. मी त्याच्या नावाने इतकी बोटं मोडली की नवऱ्याला माझ्या शिव्या पाठ झाल्या होत्या. पुढेपुढे असं जुन्या पेठेत घर करणं झोकदार ठरलं. पिंपळगावचे द्राक्षवाले पाहुणे येऊन "लॉफ्ट, लॉफ्ट" करत तुळयांखाली फोटो काढायचे. मी सगळ्यांना सांगायचे, घर छान, फक्त मिस्त्री चोर निघाला.

आणि मग एका श्रावणात धरणातून पाणी सोडलं. सकाळी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीच्या कमरेला पाणी होतं, लोक हौसेने बघायला जात होते. दुपारी ते छातीच्या वर गेलं आणि बघता बघता आमच्या गल्लीत शिरलं. नवरा सातपूरला कारखान्यात. मी खिडकीतून पाहिलं तर जिन्याच्या खालच्या पायऱ्या दिसेनाशा झाल्या होत्या आणि काकांचं शटर खाली ओढलेलं होतं. काका घरी गेले असतील, असं मी गृहीत धरलं.

तेवढ्यात माझ्या पायाखालून ठोकल्याचा आवाज आला. पितळेचं काहीतरी लाकडावर आपटल्यासारखा. मग काकांचा आवाज, अगदी शांत. "ताई, शटर अडकलंय. पाणी छातीशी आलंय. मी मांडणीवर चढतोय. झडप उघडता का?"

कोणत्या तोंडाने सांगणार होते की झडप मी बुजवलीय? मी सतरंजी ओढून फेकली, स्वयंपाकघरातून उलथनं आणलं आणि पहिल्या फरशीच्या कडेत घुसवलं. फोडायला काय मिळेल, वरवंटा की बत्ता, असा विचार करत होते, तोवर फरशी उचलली गेली. दुसरीही. तिसरीही. खाली सिमेंट नव्हतंच, कोरडी वाळू होती. मी दोन्ही हातांनी ती उपसली, रडत, देवाचं नाव घेत. कडी हाताला लागली. ओढली. खाली काकांचं पांढरं डोकं, हातात पळी.

साठी उलटलेल्या माणसाला कसं वर ओढलं, मला आजही सांगता येत नाही. ते वर आले आणि फरशीवर बसून धापा टाकू लागले. मी त्यांच्या अंगावर दोन चादरी टाकल्या, चहा ठेवला आणि मगच माझा जीव भांड्यात पडला. इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. खाली त्यांची घागरी-पातेली एकमेकांवर आपटत तरंगत होती. दोघांनी मिळून हाताला येतील तेवढी वर घेतली.

मग मी म्हटलं, "काका, मी शब्द मोडला होता."

"माहीत आहे की. मुलीकडून आलो त्याच दिवशी मिस्त्रीने सांगितलं. काम अडवून बसला होता बिचारा, माझी वाट बघत. मी म्हटलं, घाल फरशी, पण वाळूवर ठेव. सिमेंटचा थेंब लावू नको. ताईंची हौस राहील, आपली झडपही राहील."

"आणि मी आठ वर्षं त्या मिस्त्रीला शिव्या देतेय! तुम्ही एकदा तरी बोलायचं."

काकांनी बशीतला चहा संपवला. "खाली रोज ऐकू यायची ना फरशी. वाजली की मला बरं वाटायचं."