ठसा घेतल्याशिवाय सही नाही

यंत्रांवर कर्ज देणाऱ्या त्या कंपनीत तिचं टेबल खिडकीपासून सर्वात लांब होतं. टेबलावर दोन गोष्टी कायम असायच्या, एक मऊ शिशाची पेन्सिल आणि पितळी कडीचं भिंग. भिंग नवऱ्याचं. तो घड्याळं दुरुस्त करायचा आणि त्याने नवं घेतलं तेव्हा जुनं तिने मागून घेतलं. कचेरीत सगळे तिला भिंगबाई म्हणायचे. आधी पाठीमागे म्हणायचे, पुढे तोंडावर म्हणू लागले. तिने कधी हरकत घेतली नाही.

काम सांगायला सोपं होतं. कंपनीने एखाद्याला यंत्र घ्यायला कर्ज दिलं की त्या यंत्रावर कंपनीचा हक्क आहे, अशी नोंद तारण कार्यालयात करायची. नोंद बरोबर असली तर तेच यंत्र दाखवून दुसरीकडे कर्ज काढता येत नाही. नोंद चुकली तर कंपनीचा हक्क कागदावरच राहतो. कर्जदाराचं नाव दुकानाच्या पाटीवरून घ्यायचं नाही, सरकारदरबारी जे नोंदलंय ते घ्यायचं. आणि यंत्राचा नंबर लिहायचा तो यंत्राचाच.

हे शेवटचं तिला एकदा महागात पडलं होतं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका सुताराच्या रंधा मारायच्या यंत्राची नोंद करताना तिने समोरच्या चकचकीत पाटीवरचा नंबर उतरवला. ती पाटी मोटरची होती. यंत्राचा नंबर खाली लोखंडी बैठकीत ठोकलेला असतो, रंगाखाली आणि ग्रीसखाली. वर्षभरात मोटर जळाली, सुताराने नवी बसवली, खऱ्या नंबरावर दुसऱ्या कंपनीकडून कर्ज काढलं आणि धंदा बुडाला. ती दुसरी कंपनी यंत्र घेऊन गेली. हिच्या कंपनीच्या वाट्याला आली भंगारवाल्याकडे पडलेली एक जळकी मोटर. तेव्हाचे साहेब तिला ओरडले नाहीत. ती मोटर त्यांनी महिनाभर तिच्या टेबलाशेजारी ठेवली, एवढंच.

तेव्हापासून ती ठसा घ्यायची. पातळ कागद नंबरावर धरायचा, वरून पेन्सिल आडवी फिरवायची, आकडे आपोआप उमटतात. ठसा फायलीत लागल्याशिवाय अर्जावर तिची सही नाही.

मग नवे साहेब आले. त्यांना सगळे घाईसाहेब म्हणत, अर्थात पाठीमागेच. त्यांनी ठसे बंद केले. विक्रेता फोटो पाठवील, फोटोवरून अर्ज भरायचा.

त्या दिवशी सकाळी त्यांनी तिच्यासमोर एक फाईल टाकली. खोकी बनवणाऱ्या एका कारखानदाराने पुठ्ठा कापायचं मोठं यंत्र घेतलं होतं.

"बाई, यंत्र पोचल्याला आज विसावा दिवस, नोंदीचा शेवटचा. पाचच्या आत नोंद गेली नाही तर पहिला हक्क जातो. सही करा."

तिने फोटोवर भिंग धरलं. "साहेब, हा मोटरचा नंबर आहे."

"कशावरून?"

"खाली फेऱ्या लिहिल्यात. मिनिटाला चौदाशे चाळीस. पुठ्ठा कापायचं यंत्र चौदाशे चाळीस फेऱ्या फिरलं तर कारखान्यात माणूस उरणार नाही."

टंकलेखक काका खोकल्याच्या आडून हसले. साहेब हसले नाहीत.

"विक्रेत्याने हाच फोटो पाठवलाय. तीनपर्यंत सही हवी. नसेल जमत तर खाली अभिलेखागारात जागा रिकामी आहे."

"जागा कुठलीही द्या," ती म्हणाली. "सही माझी आहे, ती मी बघून करीन."

जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून ती बसने कारखान्यात गेली. खोकीवाला दारातच उभा होता. जाड, घामाघूम आणि संशयी.

"जप्तीला आलात का, बाई? अजून पहिला हप्तासुद्धा यायचाय!"

"नंबर बघायला आलेय."

"लॉटरीचा?"

"तुमच्या यंत्राचा. आधी ते थांबवा."

बडबडत त्याने यंत्र थांबवलं. तिने पुठ्ठ्याचा एक तुकडा जमिनीवर टाकला आणि त्यावर गुडघे टेकून बैठकीखाली डोकं घातलं. रंगाचा जाड थर होता. रॉकेलच्या बोळ्याने पुसल्यावर एक आकडा दिसला, मग दुसरा. तिने कागद धरला, पेन्सिल फिरवली. नऊ आकडे उमटले. फोटोतल्या नंबराशी त्यांचा काही संबंध नव्हता.

"आणि ही मोटर?" तिने उठता उठता विचारलं. समोरच्या पाटीवर तिसराच नंबर होता.

"ती तर गेल्या आठवड्यात बदलली. पहिली चार दिवसांत धूर सोडायला लागली. विक्रेत्याने फुकट बदलून दिली, तक्रार नाही आपली."

म्हणजे फोटोतली पाटी आता त्या कारखान्यातच नव्हती. तिने ठशाखाली तारीख आणि वेळ लिहिली आणि कागद खोकीवाल्यापुढे धरला.

"सही करा."

"फसवत नाही ना?"

"वाचून करा. मी पण तेच करते."

ती परतली तेव्हा तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. काकांनी अर्जाची प्रत तिच्यापुढे सरकवली. घाईसाहेबांनी आपल्याच सहीने अर्ज पाठवून दिला होता, मोटरच्या नंबरासकट.

तिने खुर्चीवर न बसताच दुरुस्तीचा अर्ज भरला आणि साहेबांच्या काचेच्या दारातून आत गेली.

साहेबांनी वाचलं. कारणाच्या रकान्यात तिने लिहिलं होतं: नोंदवलेला क्रमांक यंत्राचा नसून मोटरचा आहे, व ती मोटर आता जागेवर नाही.

"इथे टंकलेखनातली चूक असं लिहा," ते म्हणाले.

"काकांनी बरोबर टंकलं. जे दिलं तेच टंकलं."

"बाई, शब्दाला शब्द वाढवू नका."

"मग वाढवत नाही. ठसा फायलीत लावलाय. तारीख, वेळ, मालकाची सही, सगळं आहे. तो काढायचा असेल तर तुम्ही आपल्या हाताने काढा. मी इथेच उभी आहे."

भिंतीवरचं घड्याळ चार वाजायला दहा मिनिटं दाखवत होतं. साहेबांनी एकदा फायलीकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे. सही केली. पावणेपाचला दुरुस्तीची पोच आली आणि पाच वाजता तिच्या हातात बदलीचं पत्र पडलं. उद्यापासून अभिलेखागार. सहीचा अधिकार रद्द.

घरी नवऱ्याने पत्र दोनदा वाचलं. "अगं, एक सही केली असतीस तर काय आभाळ कोसळलं असतं?"

"अहो, तुम्ही बंद घड्याळ चालू म्हणून गिऱ्हाइकाला देता का?"

"ते वेगळं."

सासूबाई आतून म्हणाल्या, "तू गप रे. हिला स्वर्गात नेलं तरी आधी दारावरचा नंबर ताडून बघेल, हे तुला आज कळलं का?" आणि सुनेला म्हणाल्या, "तळघरात गार असतं म्हणतात. स्वेटर ने."

तिने स्वेटर नेला. पेन्सिल आणि भिंगही नेलं.

अभिलेखागारात बारा कपाटं होती आणि तिला काम काहीच नव्हतं. म्हणून तिने पहिलं कपाट उघडलं. साहेब आल्यापासूनच्या फायली, सगळ्या फोटोवरून भरलेल्या. तिने एकेक फोटो भिंगाखाली घेतला. जिथे पाटीवर फेऱ्या लिहिलेल्या दिसल्या ती फाईल बाजूला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तिची पहिली चिठ्ठी वर गेली: कर्जदार अमुक, यंत्र अमुक, नोंदवलेला क्रमांक मोटरचा, दुरुस्ती करावी. खाली सही. अर्जावरच्या सहीचा अधिकार गेला होता, चिठ्ठीवरच्या सहीचा काढून घ्यायचं कुणाला सुचलं नव्हतं. चिठ्ठी तिने आवक-जावक वहीत नोंदवली, म्हणजे ती आलीच नाही असं म्हणायची सोय राहिली नाही.

रोज दहाला चिठ्ठ्या जात राहिल्या. काका त्या घेऊन वर जायचे आणि परत येऊन साहेबांच्या चेहऱ्याचा रंग सांगायचे. "आज वांगं," असं एकदा सांगितलं.

नवव्या दिवशी साहेब स्वतः खाली आले. दारात वाकावं लागलं त्यांना.

"अशा एकूण किती आहेत?"

"आजवर सतरा. हे दुसरं कपाट."

त्यांनी उरलेली कपाटं मोजली आणि म्हणाले, "वर या. तुमचं टेबल तसंच आहे."

"सही?"

"सहीचाही अधिकार परत."

"आणि ठसे?"

साहेब वळून जिन्याकडे निघाले.

"मग वर येऊन काय करू?" ती म्हणाली आणि पुढची फाईल उघडली.

साहेब दोन पायऱ्या चढले आणि थांबले. "घ्या ठसे," ते भिंतीकडे बघत म्हणाले.

"ते लेखी द्या," भिंगबाई म्हणाली. "तोवर मी हे कपाट संपवते."