कंत्राटावरची रत्नमाला

“ताई गेली,” रत्नमालाच्या धाकट्या भावाने फोनवर एवढंच सांगितलं. पुण्यातल्या ऑफिसच्या जिन्यात उभी राहून मी विचारलं, “कुठे? इंटरव्ह्यूला?” रत्नमाला सतत कुठेतरी इंटरव्ह्यूलाच जायची, त्यामुळे ‘गेली’ या शब्दाचा दुसरा अर्थ माझ्या डोक्यात यायला वेळ लागला...

आम्ही दोघी नागपूरला सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर वर्गात भेटलो. मी चंद्रपूरच्या वीज केंद्राच्या वसाहतीत, ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये वाढलेली. ती सिंदेवाहीपलीकडच्या एका जंगलातल्या गावची गोंड मुलगी, त्या गावातून एवढं शिकलेली पहिलीच. तिला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार होता. थंडी पडली की हाडं ठणकायची, डोळे पिवळे व्हायचे आणि ती गोधडीत पडल्या पडल्या मला साथरोगशास्त्र समजावून सांगायची. कॉलेजात प्लेसमेंटची एक खोली होती. तिथले सर भले माणूस, पण आमचं काय करायचं हे त्यांनाच कळत नव्हतं. “तुम्ही डॉक्टर नाही, नर्स नाही. कंपनीवाल्यांना काय सांगू, तुम्ही कोण?” असं ते एकदा वैतागून म्हणाले. रत्नमाला हसून म्हणाली, “आजाराच्या आधी पोचणारी माणसं, असं सांगा ना सर.” सरही हसले. कंपनी मात्र कोणतीच आली नाही.

मला पुण्यात आकडेवारीचं काम मिळालं. तिला गडचिरोलीत सिकलसेल तपासणीच्या प्रकल्पात कंत्राटी जागा मिळाली. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग खंड, मग वरून निधी आला तर पुन्हा ऑर्डर. आई आणि भावासोबत तिने वडशात भाड्याचं घर घेतलं आणि मोटारसायकलवर गावं पालथी घालू लागली. एका सुट्टीत मी तिच्यासोबत धानोऱ्याकडच्या एका पाड्यावर गेले होते. एक बाई पोराला पदराआड धरून उभी होती, सुई लावू देईना. “काऊन टोचता? एक पोरगं गेलं माझं, आता ह्यालेही नेता का?” रत्नमाला तिच्याशेजारी जमिनीवर बसली. “मलेही हाच हाय, बाई,” ती म्हणाली. “पाह्य, मोठी झाली ना मी? गोळ्या खाल्ल्या, म्हणून झाली.” बाईने तिला खालून वर न्याहाळलं. मग तिने पोराचा हात स्वतःच पुढे केला. मी तोवर कागदावर हजारो हात मोजले होते, तसा एक हात पुढे येताना पहिल्यांदाच पाहिला.

पुढे कॉलेजने तिला ‘यशस्वी माजी विद्यार्थिनी’ म्हणून करिअर मार्गदर्शनाला बोलावलं. मीही गेले होते. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, “मॅडम, तुमची नोकरी पर्मनंट हाय का?” सर खुर्चीत चुळबुळले. “नाई,” रत्नमाला म्हणाली. “सध्या तर नोकरीच नाई. ऑर्डर संपली, नवी आली नाई.” सभागृहात कुजबुज सुरू झाली. “पण मी तिथं काय करत होती ते तर विचारा,” ती म्हणाली, आणि मग पोरं तिला चहाच्या वेळेपर्यंत सोडायला तयार नव्हती. त्यानंतर दर रविवारी वडशाच्या घरी मुलं-मुली येऊ लागली. अर्ज कसा करायचा, कोणत्या संस्थेत आपल्या पदवीची जागा निघते, मुलाखतीत काय बोलायचं, सारं ती शिकवायची. त्यातले कितीतरी जण नोकरीला लागले. कोणी रायपूरला, कोणी हैदराबादला.

आणि मग तिचीही निवड झाली. एका मोठ्या संस्थेत, कायम जागेवर. मुलाखत घेणाऱ्यांनी उठून हात मिळवला, असं ती लहान मुलीसारखी सांगत होती. राहिली होती फक्त वैद्यकीय तपासणी. “आजार विचारतील तं काय सांगू?” तिने फोनवर विचारलं. तीच पुढे म्हणाली, “गावोगाव जाऊन सांगून राह्यली की लपवू नका म्हणून. आता मीच लपवू?” तिने खरं सांगितलं. काही दिवसांनी दोन ओळींचा मेल आला, फिरतीच्या कामासाठी अपात्र. इतकी वर्षं ती फिरतीशिवाय दुसरं करत काय होती, असं मी फोनवर ओरडले. ती शांत होती. “जाऊ दे ना गं...” एवढंच. ती शांतता मला अजून छळते. त्याच हिवाळ्यात तिच्या छातीत कळ आली. भावाने दवाखान्यात नेलं, रक्तही चढवलं, पण श्वास सुधारला नाही.

काही आठवड्यांनी मी वडशाला गेले. रविवार होता. तिच्या खोलीत मुलाखतीच्या सरावाच्या दोन प्लास्टिकच्या खुर्च्या समोरासमोर मांडलेल्या होत्या. त्या का हलवल्या नाहीत, हे मी तिच्या आईला, काकूंना विचारलं नाही. तेवढ्यात दारात तिच्याकडे शिकलेली सिरोंचाकडची एक मुलगी पेढ्यांचा पुडा घेऊन उभी राहिली. एवढ्या लांबून आली होती आणि तिला काहीच ठाऊक नव्हतं. काकूंनी सांगितलं तेव्हा ती खुर्चीवर मटकन बसली आणि ओंजळीत तोंड घालून रडली. काकूंनी पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला.

“लागली का बाई तू?” त्यांनी विचारलं.

“हो. ताईच्याच जुन्या प्रकल्पात. तिच्याच जागेवर घेतलं मले. मार्चपर्यंतची ऑर्डर हाय.”

काकू समोरच्या खुर्चीवर बसल्या. पुडा मुलीच्या मांडीवर तसाच होता.

“अन् मार्चनंतर?”