नळाची भरती-ओहोटी

गावात घड्याळं घरटी दोन-दोन, पण नळाचं पाणी काळुरामच्या मनात आलं की यायचं. पेणच्या खारेपाटातलं हे अगदी खाडीच्या टोकाचं गाव. धरणाचं पाणी दर तिसऱ्या दिवशी टाकीत चढे, आणि टाकीची लांबलचक लोखंडी चावी असे काळुरामच्या खांद्यावर. ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा माणूस तो. एकोणीस वर्षांत त्याने कुणाचा वशिला चालू दिला नव्हता. सरपंचाच्या आळीलाही पाच मिनिटं जास्त नाहीत. या गोष्टीचा त्याला अभिमान होता, आणि तो रास्तच होता.

घोळ होता तो वेळेत. काळुराम मिठागरावर वाढलेला. त्याचा बाप भरती बघून बांधातल्या उघाडीचं दार उचलायचा, की खाडीचं पाणी आपसूक मिठागरात शिरायचं. ओहोटीला दार उचललं तर आहे तेही पाणी निघून जायचं. बापाचं हे शहाणपण काळुरामने जसंच्या तसं नळाला लावलं. पाण्याला जोर भरतीलाच, ही त्याची पक्की समजूत. भरती रोज पाऊण तासाने पुढे सरकते, त्यामुळे आज चावी नऊला फिरली, तर पुढच्या खेपेला साडेदहाला, त्यापुढे बाराला. मोठ्यांची याबद्दल काही तक्रार नव्हती. कशी असेल? नळावर बसायच्या त्या पोरी!

यंदा पंचायतीत बालसभा भरली. तशी ती दरवर्षीच भरायची. चॉकलेट वाटायचं, फोटो काढायचा, संपलं. पण नव्या ग्रामसेविका नम्रता मॅडम जरा वेगळ्या निघाल्या. त्यांनी मुलांना खुर्च्यांवर बसवलं आणि सदस्यांना सतरंजीवर. "तुम्ही बोला, मी लिहिते," म्हणाल्या.

आधी क्रिकेटचं मैदान झालं, मग भटकी कुत्री. मग सातवीतली भूमिका नावाची मुलगी उठली.

"पाण्याच्या दिवशी मी शाळेत गैरहजर असते. आमच्या वर्गातल्या सहाजणी असतात. आई सकाळीच कंपनीच्या गाडीनं जाते. काळूकाका कवा पानी सोडतील ते कुनालाच म्हाईत नाय, मग हंडा घेऊन मीच बसते. पानी शाळा सुटल्यावर सोडा. साडेपाचला."

काळुराम बिस्किटांचं ताट घेऊन उभा होता. त्याला ते ठेवायचंही सुचेना.

"साडेपाचला? अगो, अवसेला साडेपाचला खाडीत सुकती असते. नुसता चिखल! नळाला थेंब यायचा नाय!"

मजा म्हणजे कुणी हसलं नाही. सतरंजीवरच्या निम्म्या सदस्यांनी माना डोलावल्या. त्यांनाही तसंच वाटत होतं!

"काळुराम, टाकीचा आणि खाडीचा संबंध काय?" मॅडमनी विचारलं.

"मॅडम, पानी ते पानीच."

"बरं, येत्या अमावास्येला करून बघू. मुलांची मागणी वहीत चढली आहे, आता उत्तर द्यावंच लागेल."

अमावास्येला साडेपाच वाजता अख्खा गाव टाकीपाशी लोटला. भूमिका शाळेतून थेट दप्तरासकट आली होती. "काका, पानी नाय आलं तर आई मला परत घरी बसवील," ती म्हणाली.

काळुरामने खाडीकडे बघितलं. चिखल, आणि त्यात दोन बगळे. मग त्याने चावी फिरवली. पोरीसाठी पाणी यावं असं त्याला मनापासून वाटत होतं, आणि आलं तर एकोणीस वर्षांच्या अकलेचं काय, असंही वाटत होतं.

टाकीजवळचा नळ खाकरला. दोनदा थुंकला. मग पाणी धो धो हंड्यात पडू लागलं, नेहमीइतक्याच जोराने.

काळुरामने पुन्हा खाडीकडे बघितलं. बगळे तिथेच होते.

"हात्तिच्या!" तो म्हणाला, आणि असा हसत सुटला की त्याला खालीच बसावं लागलं. पोरं हसली, मॅडम हसल्या, सदस्यही हसले, जणू त्यांना हे आधीपासून ठाऊकच होतं.

घरी जाताना मात्र त्याचं हसू आटलं. त्याला आपली मालू आठवली. मालू त्याची मुलगी, रोह्याजवळ वरसे गावात दिलेली. त्याने रस्त्यातच फोन लावला.

"मालू, तू आठवीत शाळा का सोडलीस गो?"

"आता कशाला ते, आबा?"

"सांग."

"पान्याच्या दिवशी घरी ऱ्हायचं. गनितं पुढं जायची, मी मागंच. मग जायची लाज वाटाया लागली."

काळुरामला फार वाईट वाटलं. पाणी त्याने गावाला सारखं वाटलं होतं, आणि शाळा बुडाली होती ती स्वतःच्या घरातली.

"तुझी शाळा मीच बुडवली गो. मला बोलली का नायस?"

मालू हसली. "आमाला कोन इचारत व्हतं, आबा?"

मग त्याने नातीची चौकशी केली. "तुमच्या पंचायतीची बालसभा कवा हाय? किमयाला धाड."

"आबा, दुसरीत हाय ती!"

"मग काय झालं? बोलता येतं ना तिला?"