दात पाडलेल्या बाईचं चित्र

माझा नवरा चित्रकार आहे आणि चित्रात तो तडजोड करत नाही, हे मीरा रोडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये वॉचमनलाही पाठ आहे. त्याने फार जुन्या काळातल्या एका ख्रिस्ती बाईचं चित्र काढलं. धर्म सोडत नाही म्हणून लोकांनी तिचे सगळे दात पाडले, मारून टाकलं, तरी ती बधली नाही. परदेशात दातांचे डॉक्टर तिलाच मानतात, हे ऐकून केबिन रोडवरच्या आमच्या डेंटिस्टने ते चित्र हौसेने वेटिंग रूममध्ये लावलं. वर श्रद्धेने चंदनाचा हार घातला.

झालं! बोळकं तोंड, रक्ताळलेले ओठ आणि गेलेल्या माणसाच्या फोटोला घालतात तसा गळ्यात हार. पेशंट रिसेप्शनिस्टला विचारायला लागले, "ये इधरच ऑफ हुई क्या?" काही तर नंबर सोडून पळाले.

हार काढायचं कुणाच्या मनातही आलं नाही. संतबाईचा हार काढायचा कसा? डॉक्टर माझ्या नवऱ्याला म्हणाले, "त्यापेक्षा तिला दात रंगवा, जरा हसरी करा."

नवरा घरी येऊन कलेच्या नावाने भरपूर ओरडला. रविवारी ब्रश घेऊन निमूट गेला. आता ती टूथपेस्टच्या जाहिरातीतल्यासारखी हसतेय.

सगळे दात पडले तरी ती बधली नव्हती. हा एकही दात न हलता बधला.