दाजी घरी होते ते वर्ष

आमच्या दाजींइतक्या मोठ्या आवाजात गुपित सांगणारा माणूस पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत दुसरा सापडणार नाही. दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. मूळचे मावळातले, बोलणं अजून तिकडचंच. चाकणच्या एका कारखान्यात, गाड्यांचे पत्रे दाबून त्यांना आकार देणाऱ्या प्रेस शॉपमध्ये, त्यांनी एकोणीस वर्षं काढली. तिथं प्रेस खाली आला की पायाखालची जमीन हादरते, आणि शेजारच्याला वेळ विचारायची तरी ओरडावं लागतं. कानात बोळे घालायचा नियम होता, पण पहिली काही वर्षं दाजींनी ते ऐटीत खिशात ठेवले, आणि त्या वर्षांत कानांचं जे जायचं ते गेलं. तेव्हापासून त्यांचा आवाज एकाच मापात येतो. माझ्यासाठी मुलगी बघायला गेलो होतो तेव्हा तिचे वडील समोर बसलेले असताना दाजी माझ्या कानाशी लागले आणि कुजबुजले, "पाव्हणं, माणसं बरी वाटत्यात, पण पोह्यांचा पार गिचका झालाय." आत स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज आला. लग्न तरीही झालं. पण माझी बायको आजही दाजींना पोहे दिले की त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहते.

प्रेस शॉपमध्ये बोलून भागत नाही म्हणून तिथली माणसं हातांनी बोलतात. मूठ वर केली म्हणजे थांब, बोट गोल फिरवत नेलं म्हणजे क्रेन उचल, अंगठा म्हणजे ठीक. दाजी ही भाषा घरीही वापरायचे. सोसायटीत कुणी गाडी मागे घेताना दिसलं की ते तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीतून हातवारे करून ती लावून द्यायचे, आणि पंगतीत भात वाढताना बोट असं गरगर फिरवायचे की पाहुणा घाबरून नको म्हणायचा. एवढ्या आवाजी माणसाचं घर मात्र रहाटणीतलं सगळ्यांत गप्प घर होतं. कारण दाजींची तिसरी शिफ्ट. महिन्यातले तीन आठवडे तरी ते रात्रभर कामावर असायचे, सकाळी घरी यायचे आणि दिवसा झोपायचे. जागेपणी ज्यांना हाक ऐकू येत नाही त्यांना झोपेत चमचा पडलेला कसा ऐकू येतो, हे आम्हाला कधी उलगडलं नाही. ताई कुकर शेजारच्या काकूंकडे नेऊन लावायची. टीव्हीवर नुसती चित्रं हलायची. दाराच्या बेलवर चिकटपट्टी असायची. माझी भाची मितू या घरात वाढली. ती बोलायला लागली तेव्हाचं तिचं पहिलं पूर्ण वाक्य "पप्पा झोपलेत" हे होतं, तेही ओठांवर बोट ठेवून. आम्ही सगळे तेव्हा कौतुकानं हसलो होतो.

मितू नववीत गेली त्या वर्षी दाजी पहिल्यांदा पालकसभेला गेले. बाईंनी सांगितलं, मुलगी हुशार आहे, वहीत सगळं बरोबर असतं, पण तिचा आवाज दुसऱ्या बाकापर्यंतसुद्धा येत नाही, तोंडी परीक्षेचे मार्क फुकट जातात. दाजींनी शेजारी उभ्या असलेल्या मितूला विचारलं, खरं का गं? मितू काहीतरी बोलली. दाजींना ते ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, ती पुन्हा बोलली, पुन्हा ऐकू आलं नाही, आणि मग तिनं जाऊ दे अशी मान हलवली. घरी परतताना चौकात थांबून त्यांनी मला फोन केला. मागं रिक्षांचे हॉर्न वाजत होते, तरी मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "पाव्हणं," ते म्हणाले, "चौदा वर्षं पोरगी माझ्याशी काय बोलली असंल, त्यातला एक शब्द मला ठावं न्हाई."

त्याच सुमारास कारखान्यानं त्यांची लाइन दुसऱ्या राज्यात हलवायचं ठरवलं. जायचं त्यांनी जावं, नाही त्यांनी मोकळं व्हावं. दाजी मोकळे झाले. ताईची तळवड्याच्या ऑफिसातली नोकरी होती, घर अडणार नव्हतं. चाळिशी ओलांडलेला माणूस घरी बसला की लोक चौकशी करतातच. दाजी सगळ्यांना एकच उत्तर द्यायचे, की एक वर्षाचा ब्रेक घेतलाय, घरातलं काम पेंडिंग हाय. ते काम कोणतं हे आम्हा घरच्यांना माहीत होतं. मितूचा आवाज आपल्याला ऐकू आला पाहिजे, एवढंच त्यांचं काम होतं.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी ओट्यामागच्या भिंतीवर प्रत्येक भांड्याची आकृती मार्करनं काढली. कारखान्यात पाने-हातोडे टांगायची जागा अशी आखलेली असते, म्हणजे काय हरवलं ते लांबून दिसतं. माझी आई चार दिवस राहायला आली आणि तिनं सवयीनं सांडशी फळीवर ठेवली, तर दाजी भिंतीवरच्या रिकाम्या आकृतीपुढे उभे राहून हादरले आणि सांडशी गेली म्हणून तीन मजल्यांवर विचारून आले. मग ते भाकरी शिकले. शिफ्ट सुरू झाली की पहिला निघालेला नग तपासून पास होईपर्यंत दुसऱ्याला हात लावायचा नाही, असा कारखान्यातला कायदा असतो. त्या पहिल्या नगाला फर्स्ट पीस म्हणतात. दाजींनी तो कायदा ओट्यापाशी आणला. पहिली भाकरी मितूपुढे जायची, आणि तिनं खाऊन मोठ्यांदा "ओके" म्हटल्याशिवाय दुसरी थापायची नाही. यातली त्यांची चाल सगळ्यांना कळत होती, मितूलाही. ती शांतपणे घास चावायची आणि अंगठा वर करायची. प्रेस शॉपच्या रिवाजानं अंगठा चालतो, त्यामुळे दाजींची बोलती बंद व्हायची. नापास भाकऱ्यांसाठी ओट्याखाली लाल डबा होता. पहिले दोन महिने सोसायटीतली कुत्री त्या डब्यावर पोसली गेली, आणि मी रविवारी जेवायला गेलो की आधी वाकून डबा बघायचो.

मग गाण्याचा नाद लागला. रहाटणीतल्या विहारात रविवारी संध्याकाळी वंदना झाली की भीमगीतांचा सराव चालायचा, तिथं दाजी मितूला घेऊन जाऊ लागले. हेतू तोच. पण दाजींचा सूर लागला की ढोलकीवाला वाजवायचा थांबून बघत बसायचा, आणि मितू गातेय हे तिचे ओठ बघूनच कळायचं. तिसऱ्या रविवारी गटातल्या बाईंनी अगदी मानानं दाजींकडे सतरंज्या आणि स्पीकर सोपवले. दाजींनी ती बढती मानली. वायरींना रंगीत खुणा झाल्या, सतरंज्यांच्या घड्या एका मापात आल्या, आणि सराव चालू असताना ते मागच्या भिंतीला टेकून मितूला हातानं वर, आणखी वर, अशी खूण करायला लागले, क्रेनवाल्याला करतात तशी. मितू लाजून मान खाली घालायची. मी तेव्हा पोट धरून हसायचो. आता ते आठवलं की वाईट वाटतं.

गच्चीवर रंगाच्या रिकाम्या डब्यांत टोमॅटो, मिरच्या आणि अळू लावून झालं. प्रत्येक रोपाला तपासणीची चिठ्ठी, आणि जगेल की मरेल याचा निकाल लागत नसेल त्याला पिवळी, 'होल्ड' लिहिलेली. वर्षातले दहा महिने असे गेले. दाजी मितूला शाळेचा डबा देत होते, तिच्या वह्यांना कव्हरं घालत होते, ती कोणती भाजी टाकते ते त्यांना पाठ झालं होतं. पण ती बोलली की त्यांचा चेहरा अजून तसाच व्हायचा, प्रश्नार्थक, आणि ती अजून तशीच मान हलवायची.

एका रविवारी सकाळी त्यांनी मला गच्चीवर बोलावलं. हातात जुन्या कॅलेंडरचं पान होतं, आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी व्हाय-व्हाय काढलं होतं. कारखान्यात माल खराब निघाला की का, का, असं पाच वेळा विचारत मुळापर्यंत जातात, त्याला व्हाय-व्हाय म्हणतात. ताईला सांगू नका, असं त्यांनी आधी बजावलं, आणि ते बजावणं पहिल्या मजल्यापर्यंत गेलं असावं. मग ते एकेक ओळ वाचू लागले. वर्गात आवाज पोचत नाही, कारण घरी हळू बोलायची सवय. घरी हळू, कारण आपणच तिला गप्प केली. गप्प केली, कारण बाप दिवसा झोपायचा. दिवसा झोपायचा, कारण तिसरी शिफ्ट. पाचवी ओळ रिकामी होती. मी म्हटलं, मग झालं की दाजी, शिफ्ट कंपनी लावते, त्यात तुमचा काय दोष?

"कंपनी न्हाई लावायची," दाजी म्हणाले. "दुसऱ्यांची तिसरी मी मागून घ्यायचो."

मी विचारलं, का?

"तिथं बरं वाटायचं, पाव्हणं. तिसरीला साहेब लोक नसायचे, लाइन माझी असायची. काय अडलं की दादा, दादा करत मलाच बोलवायचे. घरी आलो की मला समजायचंच न्हाई. लेकराला कसं धरायचं, काय बोलायचं. झोपून घेतलं की सुटलो, असं वाटायचं."

हे त्यांनी कुजबुजत सांगितलं, म्हणजे त्यांच्या हिशोबानं कुजबुजत. खालच्या बाल्कनीत कपडे झटकायचा आवाज थांबला. मी मागं वळून पाहिलं तर जिन्याच्या दारात मितू उभी होती, हातात ओल्या कपड्यांची बादली घेऊन. तिनं बादली खाली ठेवली.

"मी दाराबाहेर बसायचे," ती म्हणाली. "तुम्ही उठायची वाट बघत. रोज बसायचे, पप्पा. तुम्हाला सांगायचं असायचं मला. आणि तुम्ही मुद्दाम झोपायचात?"

आवाज फाटला होता, चढला होता, समोरच्या बिल्डिंगमधल्या एक आजी गॅलरीत आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दाजींना "काय?" असं विचारावं लागलं नाही. त्यांना सगळं ऐकू आलं. ज्यासाठी वर्षभर धडपडले तो आवाज समोर होता आणि त्यांना तोंड वर करवत नव्हतं. मितू खाली निघून गेली. दाजींनी बादलीतले कपडे एकेक करून वाळत घातले. मी मदत केली.

मितू चार दिवस त्यांच्याशी बोलली नाही. पहिली भाकरी ती मुकाट खायची, अंगठाही नाही, आणि दाजी कायदा मोडून दुसरी थापायचे. ताईनं मला फोनवर सांगितलं की पाचव्या दिवशी तिनं नुसतं, मीठ कमी आहे, असं म्हटलं, चांगलं ऐकू जाईल असं म्हटलं, आणि दाजी मिठाचा डबा घेऊन आत गेले ते डोळे पुसूनच बाहेर आले.

ब्रेकचं वर्ष संपत आलं तेव्हा चाकणमधल्याच दुसऱ्या एका कारखान्यातून बोलावणं आलं. मी अर्धी रजा टाकून त्यांना माझ्या गाडीवर घेऊन गेलो. साहेबांना दाजी पसंत पडले. फक्त महिन्यातला एक आठवडा तिसरी करावी लागेल, ती कुणालाच चुकत नाही, चालेल ना, असं त्यांनी विचारलं. दाजींनी घरी विचारून सांगतो म्हटलं. साहेब हसले, बायकोला विचारणार का म्हणाले. दाजी म्हणाले, मुलीला.

गेटबाहेर येऊन त्यांनी फोन लावला. फोन त्यांचा कायम स्पीकरवर असतो. बाजारातून निघालेले कांद्याचे ट्रक एकामागोमाग एक चालले होते. त्यांनी मितूला सगळं नीट सांगितलं आणि विचारलं, "जाऊ का नको, तू सांग. नको म्हणलीस तर आत्ता घरी येतो."

ती म्हणाली, "जा. पण सकाळी आल्यावर लगेच झोपायचं नाही. मला शाळेत सोडायला यायचं. आणि रस्त्यात मी बोलेन ते ऐकायचं."

ट्रकच्या आवाजातही शब्द न् शब्द कळला. दाजी "व्हय" म्हणाले. मग हेल्मेटचा पट्टा त्यांना काही केल्या लागेना, शेवटी तो मी लावून दिला.

आता मितू दहावीत आहे. तिसरीच्या आठवड्यात कंपनीची बस सात वाजायच्या आत दाजींना चौकात सोडते, आणि ते तांबारलेल्या डोळ्यांनी तसेच तिथं थांबलेल्या मितूबरोबर शाळेच्या रस्त्याला लागतात, तिचं दप्तर स्वतःच्या खांद्यावर घेऊन. कामावर जाताना कधीकधी मला ते दोघं दिसतात. ती हात हलवत काहीतरी सांगत असते आणि दाजी त्यातल्या त्यात बरा कान तिच्याकडे करून चालत असतात. ते वर्ष गेलं याची मला अजून चुटपुट लागते. त्या घरी आता रविवारी पहिल्या भाकरीचा निकाल लागेपर्यंत मला ताटावर थांबावं लागत नाही, गच्चीवरची अर्धी रोपं वाळली आहेत, आणि सतरंज्यांचं काम दुसऱ्या कुणाकडे गेलं आहे.

परवा मी गाडी थांबवली. मितू नुकतीच फाटकातून आत गेली होती. मी दाजींना सहज विचारलं, की पुढच्या वर्षी ती कॉलेजात जाईल, लांब, बसनं, मैत्रिणींबरोबर, मग सकाळी तुम्ही काय करणार?

"बसपर्यंत सोडीन की," ते म्हणाले. मग रिकाम्या फाटकाकडे बघत म्हणाले, "ती व्हय म्हणली तर."