वाटी सरकली तेव्हा

"पाच उठबशा काढ. इथंच, सगळ्यांसमोर."

आमचे डॉक्टर सर असं म्हणाले तेव्हा बाहेरच्या बाकड्यांवर दहा-बारा माणसं बसून होती. दिग्रसहून आलेली एक बाई पोरीले मांडीवर घेऊन होती. यवतमाळातल्या त्यांच्या स्कॅन सेंटरमध्ये मी आया. पेशंटले गाऊन घालायचा, दागिने काढायले सांगायचं, उचलून एमआरआयच्या टेबलावर घ्यायचं, मागून मशीन पुसायची. आठ वर्षं.

चार दिवसांपह्यले एका भारी माणसाले टेबलावर घेत होती. माहा पाय जागीच राह्यला, अंग फिरलं. खट् झालं. खाली पाह्यलं तर गुडघ्याची वाटी बाहेरच्या अंगाले जाऊन बसलेली. मी किंचाळली. पाय सरळ केला तशी वाटी आत गेली. संध्याकाळपर्यंत गुडघा भोपळ्यासारखा सुजला.

सरांनी एक्स-रे पाह्यला. "हाड शाबूत आहे. तुम्हा पोडावरच्या लोकांची हाडं दगडाची. तुम्हाला काय होतं?"

माहं माहेर घाटंजीकडचं, कोलामांच्या पोडावरचं, म्हणजे वस्तीवरचं. ते त्यांनी कामावर घेतानाच विचारून ठेवलं होतं.

मी सुटी मागितली. नाटक करते म्हणाले, म्हणून ह्या उठबशा.

एक काढली. दोन. तिसरीले खाली गेली अन् वाटी पुन्हा सरकली. मी फरशीवर आडवी.

"ॲक्टिंग बरी करते," सर म्हणाले.

कोणीतरी हसलं. दिग्रसच्या बाईनं पोरीचं तोंड दुसरीकडं फिरवलं.

मशीन चालवणाऱ्या पोरीनं मले उचललं. नवीनच लागली होती. पाण्याच्या नळापाशी हळूच बोलली, "मावशी, वाटी निखळली की एक्स-रेमध्ये सगळं दिसत नाही. वाटीमागची गादी फाटली का, तुकडा उडाला का, ते एमआरआयमध्ये नीट कळते. करून घ्या."

मी लंगडत केबिनमध्ये गेली. "सर, माह्या गुडघ्याचा एमआरआय करा."

त्यांनी वर पाह्यलंही नाही. "ते मशीन पेशंटसाठी आहे. तू पुसायला आहेस."

मले रडू नाही आलं. ह्या माणसाले मी आठ वर्षं देव म्हणत होती. त्याच्या पोरीच्या लग्नात पंगतीची उष्टी ताटं घासली, खुशीनं. मले माहीच लाज वाटली.

सरकारी दवाखान्यात गेली. नऊ दिवस चकरा मारल्या. नंबर लागला. जोडवी काढली, पोत काढली. दुसऱ्यांले सांगायची तेच. आत पडली. ठकठक, घरघर. हलू नका म्हणाले. मी हलली नाही.

तिथल्या डॉक्टरनं पडद्यावर दाखवलं. वाटीमागच्या गादीले खड्डा. आतल्या बाजूचा बंध तुटलेला. अन् साचलेल्या पाण्यात एक सुटा तुकडा, करंगळीच्या नखाएवढा.

"हा कधी उडाला साहेब? पह्यल्या वेळी, का उठबशा काढताना?"

"ते फोटोत दिसत नाही, बाई. ऑपरेशन लागेल. चालाल, पण पहिल्यासारखं नाही."

रिपोर्ट घेऊन सेंटरवर गेली. सरांनी फिल्म उजेडाकडं धरली. बराच वेळ. मग मले खुर्ची दिली. आठ वर्षांत पह्यल्यांदा.

"घरी पाय घसरून पडले, असं लिहून दे. ऑपरेशनचं मी बघतो."

कागद तयार होता. पेनही.

"नाही," मी म्हणलं.

"मग उद्यापासून येऊ नकोस."

"तुमच्या मेहरबानीचा पाय मले नाही पाह्यजे."

काम गेलं. ती मशीनवाली पोरगी साक्षीले येईन म्हणाली होती. मग फोन उचलेना झाली. तिची नोकरी नवी आहे. मी तिले दोष देत नाही.

तक्रार म्यां स्वतः लिहिली. सहावीपर्यंतची शाळा, अक्षर वाकडं. कामगार ऑफिसातल्या बाबूनं वाचली. "उठबशांचं कायले लिहिलं बाई? त्याले पुरावा नाही. तेवढं काढून टाक, केस सोपी होते."

नाही काढलं. गादीचा तुकडा फिल्ममध्ये आहे, तो कोणीही पाहीन. उठबशा पाहणारी बाकड्यांवरची माणसं आपापल्या गावी गेली, आता त्या फक्त माह्या तोंडी आहेत. मी गप बसली तर त्या झाल्याच नाहीत. सुनावणीले सर वकील आणतील, मले खोटारडी म्हणतील, हसतीलही. हसू द्या. जितक्या तारखा पडतील तितक्या वेळा मी जाईन, अन् त्यांच्या तोंडावर, त्यांचं नाव घेऊन सांगीन.